माढ्यास पोहोचणारे सोलापूरचे वर्तमानपत्र

माढ्याचा इतिहास लिहावयास बसणाऱ्यास रावरंभा निंबाळकरांचा किल्ला, माढेश्वरीचे देवालय आणि मामलेदार कचेरीतील दप्तरे ही साधने सहज उपलब्ध होतात; परंतु गेल्या शतकात या तालुक्याची माणसे कशाने चिंताक्रांत झाली, कशाने संतप्त झाली आणि कोणत्या वार्तेची प्रतीक्षा करीत राहिली, हे ज्यास जाणून घ्यावयाचे असेल, त्यास सोलापूर शहरात छापल्या गेलेल्या वर्तमानपत्रांच्या जीर्ण फायलींकडेच वळावे लागेल. जिल्ह्याच्या शहराचे दैनिक तेच आपलेही दैनिक, असा या भागाचा दीर्घकाळचा व्यवहार आहे.

हा व्यवहार जुळविला तो लोहमार्गाने. १८५९-६० या अवधीत मुंबईहून निघालेली आगगाडी कुर्डुवाडी व मोहोळ ओलांडून सोलापुरास पोहोचली. माढा त्याच मार्गावर पडले. पुढे १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीकडे अरुंद मार्गाची गाडी सुरू झाली आणि तालुक्यातील हे जंक्शन माणसांच्या, मालाच्या व टपालाच्या देवघेवीचे मोठे ठाणे बनले. गिरण्यांमुळे विस्तारत चाललेल्या सोलापुरात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच ‘कल्पतरू’सारखे साप्ताहिक निघत होते. त्या काळच्या जिल्हापत्रांची प्रकृती संथ होती : सरकारी नेमणुका, पीकपाणी, पटकीची साथ, पेठेतील भाव, आणि एखाद्या अंमलदाराच्या जुलमाविषयी जपून शब्द योजून केलेली तक्रार.

ती संथ प्रकृती १९३० सालापर्यंत पार पालटली होती. महात्मा गांधींच्या अटकेनंतर मे महिन्यात सोलापुरात गोळीबार झाला, लोक खवळले, पोलीस मारले गेले, आणि १२ मे रोजी सरकारने शहरात लष्करी कायदा पुकारला, तो ३० जूनपर्यंत उठला नाही. या दिवसांत लेखणी धरणे हे तलवार धरण्याइतकेच धोक्याचे होते. ‘कर्मयोगी’चे संपादक रामभाऊ राजवाडे यांना सक्तमजुरीची जबर शिक्षा झाली. ‘गझनफर’ हे पत्र चालविणारे तरुण कुर्बान हुसेन यांना मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांच्यासमवेत १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी देण्यात आले. ज्या नगराच्या पत्रकारितेच्या पूर्वजांत फासावर गेलेला एक संपादक आहे, त्या नगराने तो वारसा हुतात्म्यांच्या पुतळ्यांपुरता न ठेवता छापखान्यांच्या इतिहासातही आदराने नोंदवावयास हवा, असे मला मनापासून वाटते.

दैनिकांचे युग त्यानंतर स्थिरावले. बाबूराव जक्कल यांचे ‘सोलापूर समाचार’ आणि महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर लवकरच रंगाअण्णा वैद्य यांच्या संपादनाखाली निघालेले ‘संचार’ ही नावे जिल्ह्यात घरोघर झाली. जुळाऱ्यांनी एकेक खिळा जुळवून रात्री फर्मे बांधावेत, यंत्रावर छापलेले अंक पहाटे मोजून त्यांचे गठ्ठे व्हावेत, आणि ते आगगाडीने किंवा एस.टी.ने तालुक्याच्या विक्रेत्याकडे यावेत, असा तो क्रम होता. उलट दिशेने येई तो वार्ताहराचा मजकूर. हा वार्ताहर बहुधा पगारी नसे. तो कधी शिक्षक, कधी दुकानदार, कधी वकिलाचा कारकून, आणि मामलेदार कचेरीच्या ओट्यावर, बाजार समितीत व ग्रामपंचायतीच्या सभेत बसून त्याने पाठविलेल्या चार ओळींवाचून खेड्यातील अन्यायास जिल्ह्याच्या ठिकाणी कोणी ओळखले नसते. शेवटच्या पानावरील जाहीर नोटिसा, खरेदीखते, वाटण्या, हरकती, जप्ती व लिलाव यांच्या निवेदनांतून तर कुळांच्या आणि जमिनींच्या उलथापालथीची अखंड बखरच तयार होत गेली. इतिहासकारांनी तिच्याकडे पुरेसे पाहिलेले नाही.

१९७२ च्या दुष्काळात या चार ओळींचे मोल विशेष वाढले. खडी फोडण्याच्या कामावर हजेरीपट मांडला की नाही, मजुरी हाती पडली की रखडली, टँकर कोठवर आला, ही वार्ता छापून आली म्हणजे कचेरीस उत्तर देणे भाग पडे. पुढे तालुक्यातील उजनीजवळ भीमेवरील धरण १९८० साली पूर्ण झाले आणि वर्तमानपत्रातील चिंतेचा विषय बदलला : पाऊस पडला काय, या प्रश्नाशेजारी कालव्याचे आवर्तन कधी सुटणार, धरणाचा साठा किती टक्के, आणि उसास दर काय, हे प्रश्न येऊन बसले. विस्थापित गावांच्या पुनर्वसनाची गाऱ्हाणीही याच पानांवर वर्षानुवर्षे छापली गेली.

नंतर मोठ्या वृत्तसमूहांनी सोलापुरात आवृत्त्या काढल्या, खिळ्यांची जागा संगणकाने घेतली. २००९ साली माढा नावाचा लोकसभा मतदारसंघ प्रथमच मतदानास सामोरा गेला व शरद पवार तेथून निवडून आले, तेव्हा मुंबई-पुण्याच्या पत्रांच्या पहिल्या पानावर हे नाव ठळक अक्षरांत झळकले. तथापि माढ्याच्या शेतकऱ्यास नित्य हवी असते ती आतल्या पानावरील कालव्याच्या पाण्याची आणि उसाच्या बिलाची बातमी, आणि ती देण्याचे काम अद्यापि सोलापूरची दैनिकेच करीत आहेत.