जॅकेटवरचा लोगो कोणाचा?

नावावरून एकाच घराण्यात कोर्टकज्जे कसे चालतात, हे हल्दीरामच्या नागपूरला सांगायला नको. पण बाइक क्लबचं काय?

अमेरिकेतल्या हेल्स एंजल्सने २००६ मध्ये लोगोसाठी थेट डिस्नेवर दावा ठोकला. मंगोल्स क्लबचं उलटंच झालं. त्याच्या गुन्हेगारीला वेसण म्हणून २००८ पासून सरकारच त्याचा ट्रेडमार्क जप्त करायला निघालं. २०१९ मध्ये न्यायाधीशांनी नकार दिला: लोगो मिरवणं हे सभासदांचं अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे.

आपल्या १९९९ च्या कायद्यात संघटनांसाठी सामूहिक चिन्हाची सोय आहे. फुटाळ्यावर जमणाऱ्या बुलेटवाल्या पोरांनो, ग्रुप फुटला की लोगो कोणाचा? भांडणाआधीच नोंदणी करून टाका ना भाऊ!