चिलीम, पाइप आणि आजोबा

आमच्या टीममधला एकजण ऑनसाइटहून येताना पाइप घेऊन आला. ब्रायरचा, मखमली डबीतला. सोबत व्हॅनिलाच्या वासाची तंबाखू. चहाच्या टपरीवर त्याच्याभोवती हीऽ गर्दी! "काय क्लास आहे राव!"

मला मात्र पेठ आठवलं. नाशिकहून सावळघाट ओलांडून गुजरातच्या वाटेवर लागणारं आमचं तालुक्याचं गाव. १८७८ पर्यंत ते एक छोटंसं संस्थान होतं. तिथे ओटीवर बसून माझे आजोबा चिलीम ओढायचे.

त्यांची तयारी बघण्यासारखी असायची. आधी चिलमीच्या तळाशी खडा टाकायचा, म्हणजे झुरक्याबरोबर तंबाखू तोंडात येत नाही. मग तळहातावर चुरलेली तंबाखू हलक्या हाताने भरायची, कारण दाबून भरली तर हवा खेळत नाही. खालच्या टोकाला ओली छापी गुंडाळायची, म्हणजे धूर जरा निवतो. आणि मग वर निखारा.

तर या दोन वस्तूंचं नातं काय, म्हणून शनिवारी थोडं वाचलं. तंबाखू मूळची अमेरिकेतली. ती पोर्तुगीजांमार्फत आपल्या किनाऱ्यावर आली आणि दख्खनमध्ये रुजली. अकबराचा वकील असद बेग हा १६०४ च्या सुमारास विजापूरहून परतताना तंबाखू आणि ती ओढायचं नक्षीदार साहित्य घेऊन गेला. हकिमाने नको म्हटलं तरी बादशहाने दोन झुरके मारलेच! पुढे १६१७ मध्ये जहांगीरने तंबाखूवर बंदी घातली. ती कितपत पाळली गेली ते दिसतंच आहे.

आणि साहेबाचा ब्रायर? भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाच्या गाठीपासून पाइप बनवायची पद्धत फ्रान्समध्ये रुळली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. त्याआधी इंग्रजही मातीच्याच पाइपातून धूर काढत होते. त्यांच्या पाइपच्या तंबाखूला साखरेचं पाणी देतात. आपल्याकडे हुक्क्यासाठी तंबाखू गुळात मळून गुडाखू करायचे. म्हणजे कृती तीच, फक्त डबी वेगळी.

हे सगळं मला सातवीत माहीत असायला हवं होतं. तेव्हा शाळेतले मित्र घरी येणार म्हणून मी आजोबांची चिलीम कणगीमागे लपवली होती. त्यांनी ती शोधली नाही, मला काही विचारलंही नाही. पण त्यानंतर माझे मित्र येणार असले की ते स्वतःच चिलीम उचलून मागच्या पडवीत जाऊन बसायचे.

चिलमीचं कौतुक करायचं नाहीये मला. शेवटची दोन वर्षं ते रात्र रात्र खोकत होते, आणि धूर मातीतून आला काय नि ब्रायरमधून आला काय, फुप्फुसाला सारखाच. पण मला तेव्हा त्यांच्या खोकल्याची काळजी नव्हती वाटली. लाज वाटली होती.

असो. सोमवारी पाइपवाल्याने मलाही विचारलं, "मारतोस का एक झुरका?" नको म्हटलं. मग त्याला छापी म्हणजे काय ते सांगितलं.