बीजगणित कोणाचे?

मोबाईलवर अधूनमधून एक वाद फिरत येतो. एक बाजू म्हणते, अलजबरा मुसलमानांनी जगाला दिला, नावच अरबी आहे. दुसरी म्हणते, ते सगळे भास्कराचार्यांकडे आधीपासून होते. हा वाद शाळेतल्या एका साध्या नियमावर तपासून पाहू. सजातीय पदांची बेरीज होते, विजातीय पदे वेगळी राहतात. ३प + ४प = ७प, पण ३प + ४म हे तसेच लिहायचे.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडतात, पानांचे पुडे बांधतात आणि मजुरी पुड्यांच्या शेकड्यावर मिळते. आईने ३ पुडे बांधले, मुलीने ४, तर ७ झाले. हे सांगायला एका पुड्यात किती पाने आहेत ते ठाऊक असण्याची गरज नाही. दोघींचे पुडे सारखे असले की पुरे. इथे प म्हणजे पुडा नव्हे, एका पुड्यातील पानांची संख्या. तसेच म ही एका पायलीतल्या मोहफुलांची संख्या समजा. ३प + ४म चे ‘७पम’ करणारी मुले दरवर्षी भेटतात. त्यांना प = २ आणि म = ५ ठेवून पाहायला सांगावे. पहिल्याचे उत्तर २६ येते, दुसऱ्याचे ७०. मग वेगळे समजवावे लागत नाही.

आता इतिहास. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तांनी ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त हा नियम सांगितला. अव्यक्त संख्यांत सारख्या असतील त्यांचीच बेरीज-वजाबाकी करावी, बाकीच्या वेगळ्या ठेवाव्यात.

सुमारे दोनशे वर्षांनी बगदादमध्ये मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिझ्मी यांनी खलिफा मामूनच्या काळात ‘अल-जब्र व अल-मुकाबला’वरचा ग्रंथ लिहिला. त्यातला मोठा भाग मीरास वाटण्याच्या हिशेबांचा आहे. अज्ञात संख्येला ते ‘शय’ म्हणजे वस्तू म्हणतात, तिच्या वर्गाला ‘माल’. चिन्हे नाहीत, सगळे शब्दांत. त्यांच्या एका उदाहरणात एका बाजूला माल आणि ५० येतात, दुसऱ्या बाजूला २९ आणि १० शय. दोन्हीकडून २९ काढले की उरते माल आणि २१ बरोबर १० शय. हाच ‘मुकाबला’. संख्येतून संख्याच गेली, शय आणि माल यांना हात लागला नाही. याच ख्वारिझ्मींनी हिंदी अंकांच्या हिशेबावरही पुस्तक लिहिले होते.

त्यानंतर तीनशेहून अधिक वर्षांनी, ११५० च्या सुमारास, भास्कराचार्यांचे ‘बीजगणित’ आले. पहिली अव्यक्त संख्या ‘यावत्तावत्’, पुढच्या काळा, निळा, पिवळा, तांबडा अशा रंगांच्या. समान जातीच्यांची बेरीज, भिन्न जातीच्यांची वेगळी मांडणी, असे तेही सांगतात. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणे इथला आहे.

गोष्ट तिथे थांबत नाही. शाहजहानच्या काळात, १६३४-३५ मध्ये, अताउल्ला रशीदी यांनी ‘बीजगणित’ फारसीत आणले. ते ताजमहालाचे स्थपती उस्ताद अहमद लाहौरी यांचे पुत्र. औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्याचे स्थपती म्हणूनही तेच ओळखले जातात. तिथल्या लेखात अताउल्लांबरोबर हंसपतराय यांचेही नाव आहे. फारसीवरून १८१३ मध्ये एडवर्ड स्ट्रेची यांनी या ग्रंथाचे इंग्रजी केले.

म्हणजे ‘आमचे आधी’ म्हणणाऱ्या दोघांनाही तारखा साथ देत नाहीत. ख्वारिझ्मींच्या आधी ब्रह्मगुप्त आहेत आणि भास्कराचार्यांच्या आधी ख्वारिझ्मी. उर्दू शाळेतल्या मुलीला भास्कराचार्य परके वाटू नयेत, मराठी शाळेतल्या मुलाला ख्वारिझ्मी परके वाटू नयेत, एवढे शिक्षकाच्या हाती आहे. फळ्यावर ३प + ४प लिहिताना ही तीन नावे सांगायला दोन मिनिटे लागतात. अताउल्लांचे चौथे नाव मकबऱ्याच्या सहलीत सांगावे.