स्वस्वाक्षरित प्रमाणपत्र (फाइल हस्तांतरण)

स्वस्वाक्षरित प्रमाणपत्र म्हणजे एखाद्या सर्व्हरची ओळख सांगणारे, परंतु त्याच्याच खाजगी किल्लीने स्वाक्षरित केलेले अंकीय प्रमाणपत्र होय. असे प्रमाणपत्र सादर करणाऱ्या सर्व्हरशी प्रथम जोडणी करताना फाइलझिलासारखे फाइल हस्तांतरण सॉफ्टवेअर 'अपरिचित प्रमाणपत्र' असा इशारा देते. हा इशारा बिघाड दर्शवीत नाही. समोरचा सर्व्हर अपेक्षित सर्व्हरच आहे काय, याचा निर्णय तो वापरकर्त्यावर सोपवतो.

पार्श्वभूमी

अभय भूषण यांनी १९७१ साली मांडलेल्या एफटीपी या प्रोटोकॉलमध्ये वापरकर्त्याचे नाव, पासवर्ड आणि फाइली उघड स्वरूपात पाठवल्या जातात. या जोडणीस टीएलएसचे संरक्षण देण्याची पद्धत २००५ साली आरएफसी ४२१७ या दस्तऐवजात निश्चित झाली. तिला एफटीपीएस म्हणतात. टीएलएसमध्ये सर्व्हर आपली ओळख एक्स.५०९ मानकानुसार तयार केलेल्या प्रमाणपत्राद्वारे देतो. हे मानक १९८८ साली प्रथम प्रसिद्ध झाले.

इशाऱ्याचा अर्थ

स्वस्वाक्षरित प्रमाणपत्र वापरले तरी माहिती कूटबद्ध होतेच, त्यामुळे केवळ चोरून ऐकणाऱ्यास ती वाचता येत नाही. मात्र कोणत्याही नावाचे असे प्रमाणपत्र कोणीही काही क्षणांत तयार करू शकतो. वापरकर्ता आणि सर्व्हर यांच्यामध्ये शिरलेल्या हल्लेखोराने स्वतःचे प्रमाणपत्र पुढे केले व ते न तपासता स्वीकारले गेले, तर पासवर्ड कूटबद्ध होऊनही थेट त्याच्याच हाती पडतो.

प्रमाणपत्राची मुदत संपणे, त्यावरील नाव सर्व्हरच्या नावाशी न जुळणे, किंवा संगणकाचे घड्याळ चुकलेले असणे यांमुळेही इशारा येऊ शकतो. ही कारणे स्वतंत्र असून त्यांची तपासणीही स्वतंत्रपणे करावी लागते.

पडताळणी

इशाऱ्याच्या चौकटीत प्रमाणपत्राचा धारक, ते देणारा, वैधतेचा कालावधी आणि ठसा दिलेला असतो. धारक आणि देणारा एकच असणे हे स्वस्वाक्षरित प्रमाणपत्राचे लक्षण होय. नाव, मुदत इत्यादी मजकुराची नक्कल करता येते, म्हणून पडताळणीसाठी ठसा महत्त्वाचा ठरतो. एसएचए-२५६ पद्धतीचा ठसा ६४ षोडशमान अंकांचा असतो.

सर्व्हरच्या व्यवस्थापकाने मूळ प्रमाणपत्रावरून काढलेला ठसा दूरध्वनीवरून किंवा प्रत्यक्ष भेटीत मिळवून चौकटीतील ठशाशी पूर्णपणे ताडून पाहावा. ज्या जोडणीबद्दल शंका आहे, तिच्यातूनच आलेला ठसा पुरावा ठरत नाही. दोन्ही ठसे जुळल्यास 'यापुढे या प्रमाणपत्रावर नेहमी विश्वास ठेवा' हा पर्याय निवडता येतो. न जुळल्यास जोडणी रद्द करावी आणि पासवर्ड देऊ नये.

एकदा स्वीकारलेले प्रमाणपत्र बदलल्यास इशारा पुन्हा दिसतो. सर्व्हरवर नवे प्रमाणपत्र बसवले गेले असेल किंवा कोणी मध्ये शिरले असेल. केवळ इशाऱ्यावरून यांतील कारण ओळखता येत नाही. त्यामुळे नवा ठसाही पूर्वीप्रमाणेच तपासावा लागतो.

कायमचे उपाय

सार्वजनिक डोमेन नाव असलेल्या सर्व्हरसाठी मान्यताप्राप्त प्रमाणन संस्थेचे प्रमाणपत्र घेता येते. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ पासून अशी प्रमाणपत्रे विनामूल्य देते. केवळ अंतर्गत जाळ्यात वापरल्या जाणाऱ्या नावांना सार्वजनिक संस्था प्रमाणपत्र देत नाहीत. अशा ठिकाणी संस्थेने स्वतःचे मूळ प्रमाणपत्र तयार करून ते आपल्या संगणकांवर बसवणे सोयीचे ठरते. मात्र त्याची खाजगी किल्ली चोरीस गेल्यास त्या सर्व संगणकांचा विश्वास धोक्यात येतो, म्हणून ती अत्यंत काळजीपूर्वक जपावी लागते.

इशारा टाळण्यासाठी साध्या एफटीपीचा अवलंब केल्यास प्रश्न दिसेनासा होतो, परंतु संरक्षणही संपते. एसएफटीपी या वेगळ्या प्रोटोकॉलमध्ये सहसा प्रमाणपत्राऐवजी सर्व्हरची किल्ली वापरली जाते. तिथेही पहिल्या जोडणीच्या वेळी ठसा ताडून पाहणे आवश्यक असते.