गोड्या पाण्यातील चवदार मासे: कोणता निवडावा, कधी सोडावा?

कळवण तालुक्यातील चणकापूर व पुनद ही धरणे, गिरणेचे डोह आणि शेततळी यांत खाण्याजोगे मासे मिळतात.

मरळ: चवीला सर्वांत सरस. मांस घट्ट, बारीक काटे फारच कमी. हवेतूनही श्वास घेत असल्याने ओलाव्यात बराच वेळ जिवंत राहतो. त्यामुळे बाजारात ताजा नेता येतो.

रोहू, कटला: मांस गोडसर, पण बारीक काटे असतात. एक किलोच्या पुढचा मासा निवडा. काटे मोठे असल्याने सहज काढता येतात.

वाम: रश्श्यासाठी उत्तम. अंगावरचा चिकटा मीठ चोळून काढा.

चिखलाचा वास: तळ्यात निळे-हिरवे शेवाळ वाढले की मांसाला असा वास लागतो. विक्रीपूर्वी मासे दोन-तीन दिवस खाद्य न देता स्वच्छ, वाहत्या पाण्यात ठेवा. स्वयंपाकात चिंच किंवा लिंबू वापरल्यास वास कमी होतो.

महत्त्वाचे: पावसाळ्यात मरळीची जोडी पिलांच्या थव्याची राखण करते. ती धरल्यास पिले इतर माशांच्या तोंडी जातात व पुढच्या हंगामात मरळ घटते. थवा दिसल्यास तेथे गळ टाकू नका. धरणात मासेमारीपूर्वी ठेका असलेल्या मच्छीमार संस्थेची परवानगी घ्या.