आजीचा बटवा आणि गाजरगवत

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याकडे निघालात, की रस्त्याच्या कडेला पांढऱ्या फुलांचं गाजरगवत दिसेल. काही जण त्याला काँग्रेस गवत म्हणतात. माझ्या मामांचं शेत दौंड तालुक्यात. खुरपणी झाली की त्यांच्या पापण्या, मान आणि कोपराचा आतला भाग लाल होतो, खाज सुटते. घरचा उपाय ठरलेला, कडुनिंबाचा पाला आणि हळद वाटून लेप. म्हटलं, यामागे शास्त्र कितपत आहे ते बघू.

खरजेपुरतं बोलायचं तर आधार आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८१४ रुग्णांना हाच लेप लावला होता. ३ ते १५ दिवसांत ९७ टक्के बरे झाले. (तुलनेला दुसरा गट नव्हता, हेही लक्षात घ्या.) खरूज होते कातडीत बीळ करणाऱ्या बारीक किडीमुळे, आणि कडुनिंब कीड मारतो हे तर शेतकऱ्याला सांगायलाच नको.

पण मामांची खाज खरजेची नव्हे. गाजरगवत मूळचं अमेरिका खंडातलं. पुण्यात १९५१ साली प्रा. परांजपे यांना ते उकिरड्यावर दिसलं, १९५६ साली राव यांनी त्याची शास्त्रीय नोंद केली. पीएल-४८० च्या गव्हातून आलं असं सगळे सांगतात, पण भारताशी तो करारच १९५६ चा! तारखा जुळत नाहीत. असो. त्यातल्या पार्थेनिनची ॲलर्जी होते. वाळक्या गवताची धूळ हवेतून अंगावर बसली तरी पुरते. १९७४ साली लोणकर, मिचेल आणि कॅल्नन यांनी या त्वचारोगावर निबंध लिहिला.

आता हिशेब बघा. खरजेशी आपल्या आज्यांची ओळख कित्येक पिढ्यांची, गाजरगवताशी जेमतेम पाऊणशे वर्षांची. बटव्यात त्यावरचं औषध येणार कुठून? शेजारी दगडी पाल्याचा रस लावायला सांगतात. तोही अमेरिकेतूनच आलेला, पण जखमेवरचं औषध म्हणून बटव्यात रुळला. गंमत म्हणजे तो गाजरगवताच्याच, म्हणजे सूर्यफुलाच्या कुळातला! ही ॲलर्जी असलेल्यांना शेवंतीसारखी त्याच कुळातली झाडंही बाधू शकतात. म्हणजे उपायच अंगाशी यायचा.

मामांना सांगितलंय, आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे जाऊन पॅच टेस्ट करून घ्या. गवत फुलायच्या आत दुसऱ्या कुणाकडून उपटून घ्या, तेही हातमोजे आणि पूर्ण बाह्या घालून. दगडी पाला मात्र लावू नका.