शिक्का, मोर्तब आणि त्यांचे कुलूप : वऱ्हाडच्या कागदांवरील ठशांची गोष्ट

#धागा

१/ ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण एकसंध वापरतो. मुळात मात्र ते दोन निरनिराळे ठसे. हुकूम कोणाचा, हे शिक्का सांगतो. हुकूम कोठे संपला, हे मोर्तब सांगते. अरबी ‘मुरत्तब’, म्हणजे नीट लावून सिद्ध केलेले, यावरून तो शब्द आपल्याकडे रुळला.

२/ शिवाजी महाराजांची अष्टकोनी मुद्रा रांझ्याच्या पाटलाच्या प्रकरणातील १६४६ च्या पत्रावर, म्हणजे त्यांच्या अगदी तरुण वयात, दिसते. मुद्रा पत्राच्या माथ्यावर. मोर्तब आकाराने लहान आणि मजकुराच्या अखेरीस. ‘ही मर्यादा शोभते’ असा त्यावरील संस्कृत अक्षरांचा आशय. नंतर कोणी गुपचूप एखादी ओळ वाढवू पाहील, तर ती मोर्तबाच्या खाली पडून उघडी पडेल. मजकुराला घातलेले हे कुलूपच म्हणा ना.

३/ लांब कागद पट्ट्या चिकटवून तयार होई. मधलीच पट्टी बदलली तर? त्यासाठी मागील बाजूस नेमक्या सांध्यावर ठसा उमटवीत. पट्टी बदलली की ठशाचे दोन अर्ध जुळत नसत.

४/ गावच्या महजरावर सगळेच शिक्केवाले नसत. पाटील नांगराची निशाणी करी, बलुतेदार आपापल्या अवजाराची. अक्षरओळख नसलेल्या माणसाची साक्षही त्यामुळे कागदावर टिकली. मला स्वतःला राजमुद्रेइतकेच हे नांगर मोलाचे वाटतात.

५/ आणि ठशावरचे नाव? पेशव्यांच्या शिक्क्यात आधी साताऱ्याच्या छत्रपतींचे नाव, मग ‘हर्षनिधान’ म्हणून स्वतःचे. सत्ता पुण्यात एकवटली तरी हा क्रम उलटला नाही.

६/ वऱ्हाडात तर एकाच मुलखाचे धनी दोन. १७२४ च्या साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर निजाम दख्खनमध्ये स्वतंत्रपणे स्थिरावला. नागपूरकर भोसल्यांचा अंमलही याच प्रदेशावर बसला. हीच दोअमली. कित्येक परगण्यांत वसुलाची ६०–४० अशी वाटणी चाले, मोठा हिस्सा भोसल्यांचा. दोन सरकारे, दोन कामदार, दोन शिक्के. सारा भरणारा कुणबी मात्र एकच! अशा मुलखात पावतीवर कोणाचा ठसा आहे, हा प्रश्न शोभेचा नव्हता; त्यावर घरातले धान्य अवलंबून असे.

७/ २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावची लढाई झाली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेवरील हक्क सोडला. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. पुढे पूर्व वऱ्हाडचे ठाणे अमरावती, पश्चिमेचे अकोला. सरकारी नाव ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’: मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. १९०२ च्या कराराने वर्षाला २५ लाख रुपये ठरवून हा प्रदेश कायमच्या पट्ट्याने घेतला आणि १९०३ पासून तो मध्य प्रांताला जोडला. गंमत पाहा, १९३६ च्या करारानंतर निजामाच्या पदवीत ‘बेरार’ आले; अमरावती-अकोल्याच्या कचेऱ्यांचा कारभार मात्र मध्य प्रांताच्या सरकारकडेच राहिला.

८/ धातूचा शिक्का कोरणे हे कसबी माणसाचे काम. अक्षरे उलटी कोरावी लागत. चार्ल्स गुडइयरला १८४४ मध्ये व्हल्कनीकरणाचे पेटंट मिळाले, रबर टिकाऊ झाले आणि त्या शतकाच्या उत्तरार्धात रबरी शिक्के आले. लाकडी मूठ, पत्र्याच्या डबीतले स्टॅम्प पॅड आणि टेबलावर ‘ठक्’ हा आवाज!

९/ आजच्या स्वयंशाई शिक्क्यात पॅड आतच, वरच्या बाजूला असते. अक्षरांची पट्टी विश्रांतीत वर तोंड करून पॅडला टेकलेली असते. मूठ दाबली की ती अर्धा फेरा घेऊन खाली वळते व कागदावर उमटते. सोडली की पुन्हा शाईकडे जाते.

१०/ नवा शिक्का ‘अडकलेला’ वाटतो, कारण तो पुष्कळदा कुलूपबंद येतो. मूठ खाली दाबा, बाजूची बटणे बाहेर येतात, स्प्रिंग मोकळी होते. पॅड बदलताना उलट क्रम: मूठ थोडी खाली धरून दोन्ही बटणे एकदम आत दाबायची, यंत्र स्थिर होते, मग पॅडची पेटी सरकवून काढायची. जोर लावला तर चौकट मोडते, एवढे ध्यानात ठेवा.

११/ हे कुलूप प्रवासासाठी आणि पॅड बदलण्यासाठी आहे. ते कोणाच्याही बोटांनी उघडते. म्हणूनच ठशाजवळ आजही सही आणि तारीख मागतात, आणि कचेरी बंद होताना शिक्का खणात जातो. त्या खणाची किल्ली कोणाकडे असावी, याचे उत्तर राज्याभिषेककाळच्या कानुजाबत्यातही शोधलेले दिसते: राजपत्रांवर शिक्का करण्याचे काम तेथे थेट मुख्य प्रधानांकडे दिले आहे.